कोणत्या बोअरचं पाणी?

माझं माहेर यावल तालुक्यात, केळीच्या पट्ट्यात. सासर आणि दवाखाना धुळ्यात. तापीच्या उत्तरेचं पाणी पिऊन वाढले आणि दक्षिणेच्या पाण्यावर संसार केला. व्यवसायाने दातांची डॉक्टर. गावाकडच्या भाषेत ‘दात पाडणारी मॅडम’. पाटीवर पदवी मोठ्या अक्षरात आहे, पण लोक मला ओळखतात ते पक्कडीमुळे. फ्लोराइड हा कॉलेजात परीक्षेचा प्रश्न होता. फायदे लिहा, तोटे लिहा, आकृती काढा. उत्तर चांगलं लिहिलं होतं. नंतर दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळांच्या शिबिरांत पोरांची तोंडं बघत फिरले तेव्हा कळलं, की प्रश्न खूप मोठा होता आणि पुस्तकाने त्यातला सोपा भागच विचारला होता. त्या फिरण्यातून हाती लागलेलं थोडंसं इथे लिहिते आहे.

१. डाग आजचा नसतो. ‘पोरगं दात घासत नाही’ ही तक्रार घेऊन आई येते, तोवर पोराला घरी, रिक्षात आणि माझ्या बाकावर असं तीनदा रागावून झालेलं असतं. तोंड उघडलं की पुढच्या दातांवर पांढऱ्या आडव्या रेघा, मध्येच एखादा तपकिरी पट्टा. आता हा तिसरीतला मुलगा. त्याचा पुढचा कायमचा दात हिरडीबाहेर आला सातव्या वर्षाच्या आसपास. पण दातावरचं कवच, म्हणजे इनॅमल, तयार व्हायला लागलं तो तीन-चार महिन्यांचा होता तेव्हा, आणि ते काम चार-पाच वर्षांपर्यंत जबड्याच्या आत चाललं. त्या काळात फ्लोराइड जास्त पोटात गेलं, तर इनॅमल नीट पक्कं होत नाही, आतून सच्छिद्र राहतं. दात बाहेर येतो तो पांढुरका होऊनच. तपकिरी रंग नंतर चढतो. आठ वर्षं उलटल्यावर त्याच पाण्याने या दातांवर असा नवा डाग पडत नाही. म्हणून मला दात हा पाण्याचा सातबारा वाटतो. गाव सोडलं, विहीर बुजली, टँकर बंद होऊन नळ आला, तरी जुनी नोंद उताऱ्यावर दिसतेच. आणि आपण मात्र त्या नोंदीसाठी आजच्या पोराला धारेवर धरतो. राख, मीठ, विटेचा भुगा, लिंबाची फोड, सगळं त्याच्या दातांवर आजमावून झालेलं असतं. राखेने डाग जात नाही, हिरडी सोलते. लिंबाने तर उरलेलं इनॅमलही विरघळायला लागतं.

२. डाग आणि कीड यांना आपण एकाच काठीने हाकतो. दोन्ही ‘खराब दात’. खरं तर दोघांचा स्वभाव उलट आहे. फ्लोराइडचा डाग बहुधा जोडीने येतो: उजव्या दातावर असेल तर डाव्या जोडीदारावरही. कीड अशी शिस्त पाळत नाही. ती दाढेच्या खाचेत, दोन दातांच्या फटीत, हिरडीच्या कडेला, जिथे बिस्किटाचा चिखल साचतो तिथे बसते. सौम्य डाग असलेला दात दिसायला बरा नसला तरी किडीला बऱ्यापैकी दाद देत नाही. उलट शहरातली मोत्यासारखी बत्तिशी पाठीमागून पोखरलेली निघते. (मोती म्हटलं ते सवयीने, आम्हा दातवाल्यांना दुसरी उपमा येत नाही.) शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यातले डॉक्टर पन्नास गोष्टी तपासता तपासता दातही बघतात. एका हातात वजनकाटा, दुसऱ्या हातात नोंदवही, आणि समोर गलका करणारी पोरं. त्यात डाग आणि कीड वेगळी काढायला थांबायचं कुणी? मी स्वतः उजेडासाठी पोरांना शाळेच्या ओट्यावर उभं करते आणि तरी एखाद्या तोंडापाशी थबकते. तीव्र डागाच्या दातावर खड्डे पडतात, खड्ड्यात अन्न अडकतं आणि मग कीड तिथेही घर करते. ‘फ्लोराइडमुळे कीड लागत नाही’ हे वाक्य तिथे संपतं.

३. आया आधी ओळखतात, आम्ही मागून येतो. साक्रीकडच्या एका शिबिरात नातवाला घेऊन आलेली आजी माझं फ्लोराइडपुराण शांतपणे ऐकत होती. मग स्वतःचा ओठ बोटाने वर करून म्हणाली, “माय, मन्हा बी दात असाच व्हतात. आम्हना गावनं पाणीच तसं शे.” इतकंच. माझा तक्ता, रंगीत चित्रं, सगळं तिच्या एका वाक्यामागे उभं राहिलं.

नंतर वाचताना लक्षात आलं, की या विषयाचा सगळा इतिहासच त्या आजीच्या बाजूने आहे. अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्ज गावात १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाच्या तरुण दंतवैद्याने दवाखाना थाटला आणि गावातल्या पोरांचे तपकिरी दात बघून चक्रावला. पुस्तकात त्या डागाचं नावही नव्हतं. दोन दशकं तो या डागामागे होता. १९२३ मध्ये आयडाहो राज्यातल्या ओकली गावच्या पालकांनी त्याला सरळ सांगितलं: दूरच्या कोमट झऱ्यावरून गावाला नळ आणला, तेव्हापासून पोरांचे दात असे येतात. मॅकेने झरा बदलायला सांगितलं. गावाने बदलला, आणि नंतर जन्मलेल्या पोरांचे दात स्वच्छ निघाले. पाण्यात नेमकं काय आहे हे तोपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं! ते कळायला १९३१ उजाडलं. अ‍ॅल्युमिनियम कंपनीतल्या चर्चिल नावाच्या रसायनतज्ज्ञाने पाण्यात फ्लोराइड शोधलं. याच मॅकेला हेही दिसलं होतं, की डागाळलेले दात फारसे किडत नाहीत. त्या धाग्यावरून पुढे १९४५ मध्ये मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्स शहराने मुद्दाम पाण्यात मोजून फ्लोराइड घालायला सुरुवात केली. आपल्याकडे १९३७ मध्ये नेल्लोर जिल्ह्यातल्या फ्लोरोसिसची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली, तीही दातांपेक्षा वाकलेल्या पाठींमुळे. तेव्हापासून आजीने ‘पाणीच तसं’ म्हटलं की मी वही काढते.

४. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजते ते पाणी चांगलं, हा माझ्या माहेरचा न लिहिलेला कायदा. साबणाला फेस आला पाहिजे, चहाला रंग आला पाहिजे, तुरीची डाळ दोन शिट्ट्यांत गळली पाहिजे. जड पाणी म्हणजे वाईट, हलकं पाणी म्हणजे देवाचं देणं. या कायद्याने मला सर्वांत जास्त चकवलं. भूजलाचं रसायनशास्त्र सांगतं, की पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड फार साठू शकत नाही. दोघं मिळून खडकातच बसून राहतात. पाणी हलकं असेल, त्यात कॅल्शियम कमी आणि सोडा जास्त असेल, तर फ्लोराइडला मोकळं रान मिळतं. म्हणजे भांड्यावर पांढरा थर धरणारं, बायका ज्याच्या नावाने बोटं मोडतात ते क्षाराचं पाणी या एका बाबतीत सज्जन असू शकतं, आणि डाळ शिजवणारं गोड पाणी संशयित. सासूबाईंना हे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग डाळ काय तुझ्या फ्लोराइडने शिजवू?” वाद तिथे मिटला, म्हणजे मी मिटवला.

आपला खान्देश काही फ्लोराइडसाठी बदनाम मुलूख नाही. महाराष्ट्रात त्यासाठी नाव घेतलं जातं ते चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडचं. तिकडचे जुने ग्रॅनाइटी खडक वेगळे, आपला काळा पाषाण वेगळा, आणि तापीकाठचा खोल गाळाचा पट्टा आणखी वेगळा. तरी केंद्रीय भूजल मंडळाने राज्यातल्या ज्या जिल्ह्यांत जागोजागी मर्यादेबाहेर फ्लोराइड सापडल्याचं नोंदवलं, त्यात धुळ्याचं नाव आहे. ‘जागोजागी’ हा शब्द इथे महत्त्वाचा. जिल्हा फ्लोराइडचा नसतो, गावही नसतं. खडकाची भेग, खोली, पाणी जमिनीत किती काळ मुरलं, यावर एकाच शिवारातल्या दोन बोअरचं पाणी वेगळं निघतं. यावल-रावेरला केळीपायी पाणी खाली खाली गेलं. माझ्या लहानपणी विहिरीत उड्या मारणारी पोरं होती. आता त्याच विहिरीच्या तळाशी बोअर मारलेली असते. खोलातलं पाणी खडकाजवळ जास्त वर्षं राहिलेलं असतं. म्हणून हल्ली मी ‘गाव कोणतं?’ विचारून थांबत नाही. कोणत्या बोअरचं पाणी, हे विचारते. लोकांना वाटतं मॅडमना शेती घ्यायची आहे.

५. एक मिलिग्रॅम म्हणजे किती, हे उन्हावर ठरतं. भारतीय मानक, आयएस १०५०० (२०१२), सांगतं की पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालेल, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही १.५. हे आकडे मी शिबिरात इतक्या ठसक्यात सांगायचे, जणू ते दगडावर कोरलेत. मग एका मे महिन्यात भुसावळला होते. पारा ४५च्या पुढे, आणि शेजारचं तीन वर्षांचं पोर दिवसभर माठाशी. ते पोर किती पाणी पितं हे कोणत्या मानकात लिहिलंय? अमेरिकेने १९६२च्या मानकात याचा विचार केला होता: थंड गावाला लिटरला १.२ मिलिग्रॅम, उष्ण गावाला ०.७, कारण उष्ण गावची मुलं जास्त पाणी पितात. २०१५ मध्ये त्यांनी सगळ्यांसाठी ०.७च केलं. त्यांचं उष्ण गाव आपल्या वैशाखापुढे कुठे बसतं ते सोडा. हिशेब करून बघा. तिथल्याच वैद्यक संस्थेने एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी दिवसाला १.३ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा धरली आहे. पाण्यात लिटरला एकच मिलिग्रॅम आहे, कायद्याने अगदी निर्दोष. उन्हाळ्यात पोराने सव्वा लिटर पाणी प्यायलं की मर्यादा जवळजवळ भरली. वरण, भात, पेज, दुधात घातलेलं पाणी अजून मोजलंच नाही. हे पेनाने कागदावर मांडल्यावर मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. आकडे साधेच होते, चौथीच्या गणिताचे.

६. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि आपले सगळे घरगुती उपाय डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींसाठी बनलेले आहेत. फडक्याने गाळलं, गाळ गेला. उकळलं, जंतू मेले. फ्लोराइड मात्र तिथेच, उलट पाणी आटल्यामुळे थोडं दाटच. तुरटीची गंमत वेगळी आहे. हंड्यात तुरटी फिरवली की पाणी निवळतं, फ्लोराइड जात नाही. पण नागपूरच्या नीरी संस्थेने काढलेली नालगोंडा पद्धत तुरटीवरच उभी आहे. फरक इतकाच की तिथे चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर पाणी तपासून, मोजून, ढवळून, बसू देऊन वापरतात. हंड्यात दोन गिरक्या मारून तो मान मिळत नाही.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हिरवं कार्ड लावलेलं गाव पाहिलं की छाती फुगते. ते कार्ड स्रोताच्या आसपासच्या स्वच्छतेचं, ब्लीचिंगच्या शिस्तीचं, साथीच्या धोक्याचं. त्याची किंमत आहेच. कावीळ आणि हगवणीने आपल्याकडे पोरं गेलेली आहेत. पण फ्लोराइडबद्दल ते कार्ड गप्प असतं. तसंच टीडीएसचं. दारावर आरओ विकायला येणारा तरुण खिशातून टीडीएसचं यंत्र काढतो, आकडा दाखवतो, कधी पाण्यात विजेची कांडी घालून तांबडा गाळ वर आणतो आणि गृहिणीला घाबरवतो. तो आकडा सगळ्या क्षारांची बेरीज असतो. त्यात फ्लोराइड किती, हे त्या यंत्राला कळत नाही. कळतं ते रासायनिक तपासणीत, जी वर्षातून एकदा व्हायची असते, किंवा जलजीवन मिशनमधून गावोगावी दिलेल्या तपासणी संचात. प्रत्येक गावातल्या पाच बायकांना हा संच वापरायला शिकवायचं ठरलं. शिंदखेडा तालुक्यात अशी एक ताई भेटली. दहावी शिकलेली, पदर खोचून बसली आणि नळीतला रंग फिका पडताना बघून म्हणाली, “हे बघा मॅडम, लपलेलं होतं ते दिसलं.” माझ्या प्रॅक्टिकलच्या परीक्षकांना इतकं समजावून सांगता आलं नव्हतं. तिच्या संचातली औषधं संपली की नवी कधी येतात, हे विचारल्यावर ती नुसती हसली.

७. काटकसरीच्या घरात पेस्टचं माप बरोबर असतं. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची लाट उठवतात, वर शेवटी एक वेलांटी. आपल्या देशात टूथपेस्टमध्ये फ्लोराइडची कमाल मर्यादा १००० पीपीएम आहे, म्हणजे एका ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम. ब्रशभर लाट साधारण एका ग्रॅमची. थुंकायला न शिकलेल्या पोराने ती गिळली की मघाच्या हिशेबातलं एक लिटर पाणी प्यायल्यासारखं झालं, आणि स्ट्रॉबेरीच्या चवीची पेस्ट पोरं गिळणारच. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, असं बालदंतवैद्य सांगतात. हे माप मी धुळ्याच्या बंगल्यांत सांगून थकले. आणि वीटभट्टीवरच्या झोपडीत बघितलं तर आई नळी पार पिळून, पोराच्या ब्रशवर नेमका तेवढाच ठिपका ठेवत होती, कारण नळी महिनाभर पुरवायची होती.

आता दुसरं टोक. मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांनी काही सुशिक्षित आईबापांना फ्लोराइड म्हणजे विष असं पटवून दिलंय. ते शोधून बिनफ्लोराइडची पेस्ट आणतात, घरात आरओ बसवतात, जो चांगलं-वाईट न बघता बहुतेक फ्लोराइड काढून टाकतो, आणि मुलाच्या डब्यात रोज क्रीमची बिस्किटं देतात. असं मूल माझ्याकडे दाढा धरून येतं. धुळ्याला नकाणे तलावाचं, तापीचं पाणी, जळगावला वाघूरचं. धरणा-तलावाच्या पाण्यात फ्लोराइड बहुधा कमीच. शहरातल्या मुलाला दातावर बाहेरून लागणारं थोडं फ्लोराइड हवंच असतं. ते इनॅमलला आम्लाशी झुंजायला बळ देतं. बोअरवाल्या गावच्या मुलाला जे सांगायचं, ते नळवाल्या शहराच्या मुलाला सांगून चालत नाही. शिबिरात दोघं एकाच रांगेत उभे असतात आणि माझ्या हातात छापील पत्रक एकच.

८. चहा हे आपल्याकडे दुसरं दूध आहे. सकाळी अंगणवाडीत जाण्याआधी कपभर चहात बुडवलेला टोस्ट किंवा बटर, दुपारी झोपून उठलं की पुन्हा. चहाचं झुडूप मातीतून फ्लोराइड ओढून पानांत साठवतं. म्हणजे एकाच कपात डागाचाही माल आणि किडीचाही. दूध जास्त घालायला सांगते, कॅल्शियममुळे फ्लोराइड शरीरात कमी शोषलं जातं म्हणून. त्यावर एका बाईने विचारलं, “दूध परवडतं तर चहा कशाला पाजला असता?” मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

९. ‘दूधना दात शेतस, पडी जातीन.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकू आलं नाही तर चुकल्यासारखं होतं. दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. तोवर पोराने कशाने चावायचं? पण मला खरं थक्क केलं ते सहाव्या वर्षीच्या दाढेने. पहिली कायमची दाढ सगळ्यात मागे, कोणताही दात न पाडता, गुपचूप येते. पडलेला दात नाही म्हणजे नवाही नाही, असं घरचे धरून चालतात. ती दुधाचीच समजून किडू दिली जाते, आणि ती तर आयुष्यभराची. आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या आयांना मी आरशात ती दाढ दाखवते तेव्हा बहुतेकींचा विश्वास बसत नाही. मराठी शाळेच्या मास्तरीण असलेल्या माझ्या मावशीचाही बसला नव्हता. २००२-०३च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांचे दात किडलेले सापडले होते. खान्देशातल्या माझ्या बाकावर फ्लोराइडच्या डागाचं एक मूल येतं तेव्हा किडीची कितीतरी येऊन गेलेली असतात, हे इथे सांगितलं पाहिजे. नाहीतर हे सगळं वाचून कुणी पेस्टच बंद करायचं.

कीड थांबवायला आम्ही वापरतो तेही फ्लोराइडच. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं एक औषध आहे. ड्रिल नाही, सुई नाही, थेंब लावला की कीड बहुतेक वेळा तिथेच थांबते. फक्त किडलेला भाग काळाकुट्ट होतो. रडणाऱ्या पोरांसाठी वरदान. आया मात्र काळा दात बघून मलाच धरतात. एकीकडे फ्लोराइडचा डाग घालवायला येणारे, दुसरीकडे फ्लोराइडने डाग पाडते म्हणून भांडणारे. मधल्या स्टुलावर मी.

१०. लाज गावाबाहेर पडल्यावर सुरू होते. ज्या गावात सगळ्यांचे दात तसेच, तिथे पोरं खदाखदा हसतात. फोटोत दात दिसतात आणि कुणाला काही वाटत नाही. तीच मुलगी अकरावीला धुळ्याला किंवा अमळनेरला येते आणि पहिल्या आठवड्यात ओढणीचं टोक तोंडाशी न्यायला शिकते. कुणीतरी विचारलेलं असतं, ‘तू मिश्री लावतेस का?’ तिच्या आजीने लावली असेल; हिने तंबाखूला हातही लावलेला नसतो. मग मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हा ‘जास्त हसू नको’ ही सूचना घरातूनच मिळते. अशा मुली लग्न ठरायच्या महिनाभर आधी दवाखान्यात येतात, बहुतेकदा मावशीबरोबर. आईला माहीत नसतं किंवा तसं दाखवायचं असतं. डाग वरवरचा असेल तर आम्लाने आणि बारीक पुडीने इनॅमलचा अगदी पातळ थर घासून तो फिका करता येतो. खोल असेल तर दाताच्या रंगाचं सिमेंट बसवावं लागतं. यातलं काही मला सरकारी कार्यक्रमात दिसलेलं नाही. २००८-०९ पासून देशात फ्लोरोसिस प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्याचं लक्ष पाण्यावर आणि हाडांवर, आणि ते बरोबरच आहे. सतरा वर्षांच्या मुलीचं हसू कोणत्या तक्त्यात भरायचं? मला वाटतं भरायला हवं. हाडांइतकं नसेल, पण एखादा रकाना.

११. बाळ दोन वर्षांचं असताना कुठे होतं, हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. वरच्या पुढच्या दोन दातांसाठी साधारण सव्वा ते अडीच वर्षांचा काळ जास्त नाजूक मानतात. तेव्हाचं पाणी कोणतं, एवढंच मला हवं असतं. बापांना बहुतेक आठवत नाही. आया सांगतात, पण सासू शेजारी असली की प्रश्नाला फाटे फुटतात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सासूचं म्हणणं डाग माहेरच्या पाण्याचा. सून म्हणते सहाव्या महिन्यात तर मी परत आले होते. दोघी माझ्याकडे बघतात. पुस्तकाप्रमाणे निकाल बहुधा सासरच्या बोअरविरुद्ध जातो, आणि अंगावरच्या दुधात फ्लोराइड नगण्य असतं हेही सुनेच्या बाजूचं. असा निकाल भर दवाखान्यात द्यायचा म्हणजे पुढच्या वेळी पेशंट न येण्याची तयारी ठेवावी लागते. मी म्हणते, दोन्हीकडचं पाणी बाटलीत घेऊन या.

आणि कित्येकांना कोणतीच बाटली आणता येत नाही. चोपडा-शिरपूरच्या सातपुड्याच्या पायथ्याचे, साक्रीच्या पश्चिमेचे, चाळीसगावकडचे मजूर. दिवाळीनंतर उसाच्या फडावर, मग वीटभट्टीवर, नाहीतर सुरतला उधन्याच्या खोलीत, पावसाळ्यात परत गावी. त्यांच्या पोराने दुसऱ्या वर्षात चार जिल्ह्यांचं आणि एका परराज्याचं पाणी प्यायलेलं असतं. टँकरचं, कॅनॉलचं, मुकादमाने दाखवलेल्या बोअरचं. कार्डावर मी ‘पाण्याचा स्रोत’ अशी ओळ आखून घेतली आहे, एका ओळीचीच. अशा मुलांची माहिती त्या ओळीत मावत नाही, मग कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिते. तिथेही मुकादमाच्या बोअरला नाव नसतं. आई आठवून सांगते: रस्त्याच्या कडेला होती, लिंबाखाली, पाणी गोड होतं.

नवी कार्डं छापायला टाकायची आहेत. छापणारा विचारतोय, ती ओळ ठेवायची की काढायची? चार ओळी कर म्हटलं, तर म्हणतो, मग दात काढायला जागा राहत नाही, मॅडम.